तानसेन समारोहाला पहिल्यांदा येताय? ग्वाल्हेरला निघण्याआधी हे वाचा

दिवाळी सरली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमधले फोन वाजू लागतात. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, इंदूरचे नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीतले गाणंवेडे लोक. प्रश्न ठरलेले असतात: यंदा समारोह कधी? तिकीट कुठे काढायचं? रात्री कितीपर्यंत चालतो? आईला आणलं तर तिला झेपेल का? आमच्या घरी दरवर्षी कोणी ना कोणी उतरतं आणि त्यांच्याबरोबर मीही जाऊन बसते. त्यामुळे पहिल्यांदा येणारा माणूस नेमका कुठे अडतो ते आता चांगलं ठाऊक झालं आहे. तेच इथे क्रमाने लिहिते.

समारोहाची ओळख थोडक्यात. हजीरा भागात सूफी संत मोहम्मद गौस यांचा मोठा मकबरा आहे आणि त्याच्याच अंगणात तानसेनाची छोटी समाधी. शिंदे दरबाराच्या आश्रयाने १९२४ मध्ये तिथे तानसेनाच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं सुरू झालं. २०२४ मध्ये त्याची शंभरावी खेप झाली. आता मध्य प्रदेशचा संस्कृती विभाग आणि भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमी त्याचं आयोजन करतात. सकाळ-संध्याकाळ सभा होतात, समाधीच्या परिसरात मांडव घातलेला असतो आणि प्रवेश सगळ्यांना मोफत असतो. देशातले पहिल्या फळीतले गायक-वादक इथे येतात. रस्त्यावरून चालत आलेला माणूससुद्धा आत जाऊन त्यांच्यासमोर बसू शकतो. मला या समारोहाचं सर्वांत मोठं मोल यातच वाटतं.

मोफत म्हटल्यावर लोक तयारी करत नाहीत आणि तिथेच गडबड होते. उत्तर भारतातली डिसेंबरची रात्र, उघडं मैदान आणि सलग काही तासांची बैठक यांचा विचार आधी केलेला बरा.

१. आधी तारखा पक्क्या करा, कलाकारांची नावं नंतर बघा

समारोह डिसेंबरमध्ये होतो, पण तारखा दरवर्षी सरकतात. २०२३ मध्ये तो २४ ते २८ डिसेंबरला होता, २०२४ मध्ये १५ ते १९ डिसेंबरला. म्हणून "गेल्या वर्षी नाताळात होता, यंदाही असेल" असं धरून सुट्टी टाकू नका. तारखा जाहीर होताच गाडीचं आरक्षण करा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात गाड्या लगेच भरतात. कोण कधी गाणार याची सविस्तर पत्रिका त्यामानाने उशिरा हाती येते. तिची वाट पाहत बसलात तर वेटिंगची तिकिटं घेऊन फिरावं लागेल.

नोकरदारांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. हा शनिवार-रविवारी आटोपणारा महोत्सव नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तो रविवारी सुरू झाला, म्हणजे बहुतेक सभा कामाच्या दिवसांवर आल्या. दोनच दिवस हातात असतील तर शनिवार-रविवारचा हट्ट सोडा आणि मधल्या दिवसांतली दोन दिवसांची रजा काढा. मधल्या दिवसांत गर्दी कमी असते, भाषणं नसतात आणि सकाळ-संध्याकाळ निव्वळ गाणं ऐकायला मिळतं.

२. गाडी कुठली घ्यायची

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस, कल्याण-नाशिकच्या बाजूने मंगला. या सगळ्या ग्वाल्हेरला थांबतात. येताना फारसा त्रास होत नाही, कारण गाडी दक्षिणेकडून येते आणि धुक्याचा पट्टा तिला शेवटी लागतो.

अडचण परतीच्या प्रवासात येते. पंजाब मेल फिरोजपूरहून निघते, झेलम जम्मूहून. दोन्ही गाड्या पंजाब-हरियाणाच्या धुक्यातून वाट काढत इथे पोचतात आणि डिसेंबरमध्ये त्यांना कित्येक तासांचा उशीर होऊ शकतो. गोवा आणि मंगला दिल्लीच्या निजामुद्दीनहून सुटतात, त्यामुळे त्या तुलनेने वेळ पाळतात. परतीसाठी निवड करता येत असेल तर दिल्लीहून सुटणारीच गाडी घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस गाठायचंय असा हिशेब मात्र कोणत्याच गाडीवर करू नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

विमानाने येणार असाल तर महाराजपुऱ्याला विमानतळ आहे, पण सकाळच्या उड्डाणांना धुकं तिथेही आडवं येतं.

३. कुठे उतरायचं, आणि पत्ता कसा सांगायचा

ग्वाल्हेर म्हणजे मुळात तीन वस्त्या: किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं लष्कर आणि पूर्वेला मोरार. समारोह हजीऱ्याला होतो, म्हणजे जुन्या ग्वाल्हेरच्या बाजूला. राहायला पडाव आणि स्टेशनचा परिसर सगळ्यांत सोयीचा. तिथून हजीरा जवळ पडतं आणि रात्री परतताना वाहन मिळतं. सिटी सेंटरकडे नवी, चकचकीत हॉटेलं आहेत, पण ती लांब पडतात. लष्करात महाराज बाड्याच्या आसपास राहिलात तर खाण्यापिण्याची आणि हिंडण्याफिरण्याची चंगळ होईल. शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ, जिवाजीगंज ही नावं वाचतानाच मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं.

डिसेंबरअखेरीला ग्वाल्हेरचा व्यापार मेळाही भरतो. तो १९०५ पासूनचा आहे. समारोह आणि मेळा जवळजवळ आले की खोल्यांचे भाव चढतात. गाडीचं आरक्षण केलंत त्याच दिवशी खोलीचंही करून टाका.

आता पत्ता. ऑटोवाल्याला नुसतं "तानसेन" सांगू नका. गांधी रोडवर तानसेन रेसिडेन्सी नावाचं पर्यटन खात्याचं हॉटेल आहे, तानसेन रोड वेगळा, तानसेन नगर ही वसाहत आणखी वेगळी. "हजीरा, तानसेन का मकबरा" असं पुरतं सांगा. त्यानेही कळलं नाही तर "मोहम्मद गौस का मकबरा" म्हणा. ई-रिक्षा स्वस्त पडते, पण थंडीत तिच्या उघड्या बाजूंनी वारा अंगात शिरतो. रात्री बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर बंद गाडीच बोलवा.

४. कुठली सभा निवडायची

सगळं ऐकायचा संकल्प पहिल्यांदा येणाऱ्याने करू नये. सकाळी चार तास, रात्री चार तास, असं दोन दिवस केलंत की तिसऱ्या दिवशी कान काही घेईनासे होतात. समारोहाची रचना समजून घ्या आणि त्यातून निवडा.

*पूर्वरंग.* मुख्य समारोहाच्या आदल्या संध्याकाळी हजीऱ्याच्या इंटक मैदानावर "गमक" नावाचा कार्यक्रम होतो. सूफी, भजन, लोकप्रिय अंगाचं गाणं आणि खूप गर्दी. लहान मुलांना, शास्त्रीय संगीताची सवय नसलेल्यांना इथे रमता येतं. तुम्ही फक्त रागसंगीतासाठी येत असाल तर हा चुकला तरी बिघडत नाही.

*पहिली सकाळ.* ही मात्र चुकवू नका. पत्रिकेत ती एका ओळीत उरकलेली असते, म्हणून बाहेरचे लोक तिकडे फिरकत नाहीत. समाधीपाशी सनई वाजते. मग ढोलीबुवा मठाच्या परंपरेतली हरिकथा होते, त्यानंतर मौलाना मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तवन, वाचतात आणि समाधीवर चादर चढवली जाते. नाथपंथी बुवांची कथा आणि मिलाद एकाच अंगणात, एकाच सकाळी, लागोपाठ. ढोलीबुवांची कथा हिंदीत असली तरी कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला तिचा बाज लगेच ओळखू येईल: गाता गाता निरूपण, निरूपण करता करता पुन्हा गाणं. इथे मंच नसतो, भाषणं नसतात, माणसंही थोडी असतात. शंभर वर्षांपूर्वीचा समारोह कसा असेल याचा अंदाज याच सकाळी येतो.

*पहिली संध्याकाळ.* उद्घाटन, मान्यवर, सत्कार. मध्य प्रदेश शासनाचा तानसेन सन्मान समारोहातच दिला जातो आणि सन्मानित कलाकाराला ऐकण्याची संधीही बहुधा मिळते. पण तपासणी कडक, गर्दी मोठी आणि गाणं सुरू व्हायला उशीर. लहान मुलं किंवा गुडघेदुखीची मंडळी बरोबर असतील तर ही संध्याकाळ सोडून द्या.

*मधल्या दिवसांच्या सकाळच्या सभा.* माझं सरळ मत सांगते: एकच सभा ऐकायची असेल तर यांतली एक ऐका. हळूहळू ऊन चढत असतं, पाठ शेकत असते आणि मंचावर तोडी किंवा भैरवचं कुठलंसं अंग चाललेलं असतं. शहरातल्या सभागृहांत मैफली संध्याकाळीच होतात, त्यामुळे सकाळचे राग प्रत्यक्ष ऐकायला मिळणं आता दुर्मीळ झालंय. इथे ते त्यांच्या वेळेला ऐकता येतात. तानसेनाच्या नावावर सांगितली जाणारी मियाँ की तोडी त्याच्या समाधीशेजारी सकाळच्या उन्हात ऐकायला मिळाली तर प्रवासाचे सगळे पैसे वसूल.

*मधल्या दिवसांच्या रात्री.* मोठी नावं बहुधा इथे असतात. दरबारीसारखा राग ऐकायचा तर रात्रीच. भारताबाहेरच्या कलाकारांचं विश्वसंगीतही समारोहात असतं. त्यातल्या काहींची वाद्यं आपण कधी पाहिलेलीही नसतात.

बेहट आणि गुजरी महाल इथल्या शेवटच्या दिवसाच्या सभा वेगळ्या आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

५. तिकीट नाही, पास नाही

प्रवेशासाठी पैसे लागत नाहीत. कुणी "पुढची जागा मिळवून देतो, पासची सोय करतो" असं म्हणून पैसे मागू लागला तर सरळ पुढे चालू लागा. पुढच्या काही रांगा निमंत्रितांसाठी राखलेल्या असतात. बाकी जागा जो आधी येईल त्याची. प्रत्यक्ष येणं जमणारच नसेल तर संस्कृती विभाग समाजमाध्यमांवर थेट प्रक्षेपण करतो, तेही मोफत. आजारी आजोबांना घरी तेवढं लावून द्या.

६. थंडीची तयारी

इथे जरा लांबण लावते, कारण महाराष्ट्रातून येणारे लोक याच बाबतीत सर्वाधिक फसतात. पुण्याची थंडी आणि इथली थंडी यांची जात वेगळी. ग्वाल्हेरला डिसेंबरात दुपारी ऊन छान असतं, स्वेटर काढावासा वाटतो. सूर्य मावळला की पारा झपाट्याने उतरतो, रात्री सात-आठ अंशांवर आणि कधी त्याहीखाली जातो. मांडवाला छप्पर असलं तरी बाजूंनी गारठा येतोच. चालताना जेवढी थंडी वाजते त्याच्या दुप्पट ती चार तास न हलता बसल्यावर वाजते. मध्यंतराच्या सुमारास बाहेरगावची मंडळी एकेक करून उठू लागतात आणि सगळ्यांत मुरलेला कलाकार शेवटी गायला बसतो, तेव्हा ती हॉटेलात रजईत असतात. जीव हळहळतो ते बघून.

बरोबर हे असू द्या:

- आतून घालायचे गरम कपडे, वरून स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट. एकच जाड कोट घालण्यापेक्षा दोन-तीन थर बरे, कारण दुपारी त्यातले काढता येतात.
- कानटोपी किंवा मफलर. कान झाकूनही गाणं नीट ऐकू येतं, त्याची काळजी नको.
- लोकरीचे जाड पायमोजे, शक्यतो दोन जोड. समाधीपाशी चपला-बूट काढावे लागतात आणि तिथली फरशी सकाळी बर्फासारखी गार असते.
- एक शाल किंवा हलकं ब्लँकेट, मांडीवर घ्यायला. ज्येष्ठांसाठी हे हवंच.
- बसायला घडीची सतरंजी किंवा छोटी उशी.
- थर्मासमध्ये चहा किंवा नुसतं गरम पाणी. तपासणीत अडवलं तर हुज्जत न घालता बाहेर पिऊन घ्या.
- डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी, मकबऱ्यात जाताना.
- ओळखपत्र. आधार कार्ड गाडीत, हॉटेलात आणि क्वचित तपासणीच्या वेळी लागतं. त्याची एक झेरॉक्स वेगळी ठेवा.
- नेहमीची औषधं. दम्याचा त्रास असेल तर पंप खिशातच हवा. धुकं आणि धूर दोन्ही असतात.
- थोडी सुटी रोकड. ऑनलाइन पैसे सगळीकडे चालतात, पण गर्दीत नेटवर्क जातं.

मोठी बॅग, कॅमेऱ्याचा स्टँड, पॉवर बँकांचा ढीग हे सगळं खोलीवर ठेवा. तपासणीच्या रांगेत तुमचाही वेळ जातो आणि मागच्यांचाही.

७. जागा धरणं आणि बसणं

सभेच्या दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. अगदी मंचासमोर जागा मिळावी म्हणून धडपडू नका. मोठे ध्वनिवर्धक मंचाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि पुढे कडेला बसलात तर एकाच बाजूचा आवाज कानावर आदळतो. मधल्या रांगांच्या मध्यभागी आवाज सगळ्यांत समतोल येतो.

लवकर पोचण्याचं दुसरं कारण अधिक मोलाचं आहे. प्रत्येक सभेची सुरुवात ग्वाल्हेरच्याच एखाद्या संगीत विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपद गायनाने, म्हणजे ख्यालाहून जुन्या शैलीच्या गाण्याने, होते. बरेच लोक "मुलांचं आहे" म्हणून उशिरा येतात. तसं करू नका. माधव संगीत महाविद्यालय १९१८ मध्ये संगीतशास्त्री भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने उभं राहिलं, शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी काढलं. शतकभर जुन्या या शाळांतली आजची मुलं गणवेशात, थंडीने लाल झालेल्या नाकांनी, एका सुरात ध्रुपद गातात. त्यांच्यासमोर रिकाम्या खुर्च्या असू नयेत. एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

बसल्यावर पाळायच्या गोष्टी:

फोन गप्प करा आणि पडद्याचा उजेड कमी करा. आलाप चालू असताना उठू नका, दोन कलाकारांच्या मधल्या वेळात उठा. तानपुरे जुळवत असताना कार्यक्रम सुरू झालेला नाही असं समजून मोठ्याने बोलणारे असतात, तुम्ही त्यांतले होऊ नका. स्वर लावणं हाही कामाचाच भाग आहे. दाद द्यायला लाजू नका. इथला श्रोता समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, "वाह" म्हणतो, कलाकाराला ते हवंही असतं. मुलं कंटाळली तर त्यांना दामटून बसवू नका. परिसर मोठा आहे, चित्रप्रदर्शनही असतं, त्यांना तिकडे फिरवून आणा.

८. ध्रुपद कधी न ऐकलेल्यांसाठी

पुष्कळ जण ध्रुपदाला घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त क्रम ठाऊक हवा.

आधी आलाप. त्यात तालवाद्य नसतं, शब्दही नसतात. "री, ना, नोम, तोम" अशी अक्षरं घेऊन गायक खालच्या सुरापासून एकेक स्वर उलगडत वर जातो. अर्धा-पाऊण तास चाललं तरी ते "अजून सुरूच झालं नाही" असं नसतं, तोच गाभा असतो. हळूहळू त्यात लय येते, ती वाढत जाते. मग पखवाजावर थाप पडते आणि बंदिश सुरू होते, बहुधा बारा मात्रांच्या चौतालात. चौदा मात्रांचा धमार असेल तर शब्द होळीचे असण्याची शक्यता मोठी. हाताने मात्रा मोजत राहा आणि समेवर गायक-पखवाजी एकत्र येतात ते पकडा. एकदा का सम सापडली की तुम्ही त्या खेळात सामील झालात.

ध्रुपदाला राजाश्रय देणारा राजा मानसिंह तोमर ग्वाल्हेरचाच. १४८६ ते १५१६ ही त्याची कारकीर्द. तानसेन त्याच वातावरणाचं फळ.

ख्याल ऐकताना मात्र मराठी श्रोत्याला इथे एक निराळा आनंद आहे. हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ यांची गायकी ग्वाल्हेरात फुलली. वासुदेवबुवा जोशी इथेच शिकले, त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि बुवांनी ती गायकी दक्षिणेत, मिरज-इचलकरंजीकडे आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय त्यांनीच काढलं. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गायनवर्गांत जे शिकवलं जातं त्याचा मोठा भाग या वाटेने आलेला आहे. तुम्ही लहानपणी हार्मोनियमच्या क्लासला गेला असाल तर या मांडवात तुम्ही पाहुणे नाही आहात. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीचे शब्द स्पष्ट येतात, विलंबित फार रेंगाळत नाही, टप्पा-तराण्यालाही मान असतो. नवख्या कानाला ती लवकर धरून ठेवते.

आणखी खोलात शिरायचं असेल तर समारोहाच्या दिवसांत राजा मानसिंह तोमर संगीत एवं कला विश्वविद्यालयात "वादी-संवादी" ही व्याख्यान-प्रात्यक्षिकांची मालिका असते. मोठा कलाकार चार हातांवर बसून रागाबद्दल बोलतो. विद्यार्थ्यांनी हे पत्रिकेत आवर्जून शोधावं.

९. समाधीचं दर्शन आणि चिंचेचं झाड

दोन मकबऱ्यांत गल्लत करू नका. कोपऱ्यांवर बुरूज आणि दगडात कोरलेल्या अप्रतिम जाळ्या असलेली भव्य इमारत मोहम्मद गौस यांची. तानसेनाची समाधी शेजारच्या चौथऱ्यावर, खांबांवर उभ्या साध्या छत्रीखाली. पुष्कळ लोक मोठ्या इमारतीचे फोटो काढून "तानसेनाची समाधी बघितली" म्हणत परत जातात.

शेजारी चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला चावला की गळा गोड होतो अशी जुनी श्रद्धा, म्हणून गायक मंडळी इथून पानं नेत आली. मूळचं झाड आता नाही, दिसतं ते नंतरचं. खाली पडलेलं पान मिळालं तर खुशाल घ्या, फांदी ओरबाडू नका. शे-दोनशे माणसांनी एकेक डहाळी मोडली तर काय उरेल?

१०. दुपारी काय करायचं

सकाळची सभा संपल्यावर संध्याकाळपर्यंत मोकळा वेळ असतो. आधी झोप काढा, मग जवळचं बघा.

जिवाजीगंजातलं सरोद घर संगीतप्रेमींनी चुकवू नये. सरोदिये हाफिज अली खाँ यांचं हे वडिलोपार्जित घर, आता वाद्यांचं संग्रहालय. किल्ल्यावर जाणार असाल तर गाडीसाठी उरवाई दरवाजा, पायी चढायला ग्वाल्हेर दरवाजा. मानमंदिर, सास-बहू, तेली का मंदिर एवढं एका दुपारी होतं. भूक लागली तर दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे आणि त्यात शून्य कोरलेलं दिसतं. बरोबर शाळकरी मूल असेल तर त्याला ते दाखवाच. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तसा बेत आखा.

खाण्याचं फार सांगत नाही. सकाळी बेडई आणि जिलेबी, नया बाजारात बहादुराचे लाडू, संध्याकाळी मिळेल तिथे गरम दूध. रात्रीच्या सभेआधी भरपेट जेवू नका, पेंग येते.

११. बेहट: जायचं की नाही

बेहट हे तानसेनाचं जन्मगाव, ग्वाल्हेरपासून सुमारे ४५ किलोमीटर. समारोहातली एक सकाळची सभा तिथे झिलमिल नदीच्या काठी होते. तिथलं शंकराचं देऊळ कललेलं आहे आणि तानसेनाच्या गाण्याने ते कललं असं गावकरी सांगतात. सभेला शहरी श्रोते थोडे, गावातली मंडळी जास्त. म्हातारे बाप्ये घोंगड्या पांघरून पुढे बसतात, बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या असतात.

जरूर जा, पण स्वतःचं वाहन ठरवून. सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर सकाळच्या सभेला वेळेत पोचणं कठीण. टॅक्सी आदल्या रात्री पक्की करा, चालकाला थांबायचं आहे हे आधीच सांगा आणि थांबण्याचे पैसेही तेव्हाच ठरवून घ्या. सकाळी धुकं असतं, तेव्हा लवकर निघून सावकाश जा. खाण्याचं आणि पाणी बरोबर न्या. चालायला त्रास असलेल्यांना मात्र शहरातच राहू द्या.

१२. गुजरी महालची शेवटची रात्र आणि परतीची गाडी

समारोहाची सांगता किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात होते. मानसिंहाने मृगनयनीसाठी बांधलेला हा महाल, आता पुरातत्त्व संग्रहालय. ग्यारसपूरची प्रसिद्ध शालभंजिका, म्हणजे दगडात कोरलेली स्त्रीमूर्ती, इथेच आहे. ती बघायची तर दिवसा या, सभेच्या वेळी दालनं उघडी असतील असं धरू नका. या शेवटच्या सभेत अलीकडे कलावती स्त्रियांचं गाणं-वाजवणं प्रामुख्याने असतं. जागा समाधी परिसरापेक्षा लहान आहे, म्हणून इथे मात्र तासभर आधी या. पत्ता सांगताना "किला गेट, गुजरी महल" म्हणा. नुसतं "किला" म्हणालात तर ऑटोवाला वेगळ्याच दरवाजाला सोडेल. बाहेर वाहनांची कोंडी होते. शेवटचा कार्यक्रम संपण्याआधी उठण्यापेक्षा संपल्यावर वीस मिनिटं थांबा, रस्ता आपोआप मोकळा होतो.

त्याच रात्रीची परतीची गाडी पकडायचा मोह टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाड्यावर जाऊन ताजी गजक घ्या. तीळ आणि गुळाची, मुरैन्याकडची, संक्रांतीपर्यंत छान टिकते. डबा हातातल्या पिशवीत वेगळा ठेवा, बॅगेत दाबली की चुरा होतो. स्टेशनला निघण्याआधी गाडी कुठवर आली ते मोबाइलवर बघा. मथुरा-आग्र्याच्या अलीकडे असेल तर निघा, नाहीतर खोलीवरच थांबा आणि हॉटेलवाल्याला खोली दोन-चार तास वाढवून मागा. डिसेंबरात त्यांना याची सवय असते.